ताटात उरलेल्या मोहरीची गोष्ट

एक मजकूर सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन नातेवाइकांकडून आला, तिसऱ्यांदा तर 'अवश्य वाचा' अशी पुस्ती जोडून. त्याचा सारांश असा: मस्टर्ड इंग्लंडात कुणालाच नको होतं. कोलमन नावाच्या कारखानदाराने जाहिरातींचा मारा करून ते घराघरांत घुसवलं. लोक खातात त्याहून जास्त ताटात टाकतात आणि त्या टाकलेल्यावरच तो गबर झाला. 'कीन ॲज मस्टर्ड' (म्हणजे भलताच उत्साही) हा इंग्रजी वाक्प्रचारसुद्धा कीन नावाच्या कंपनीनेच रुजवला. अस्सल मस्टर्ड हळदीसारखं पिवळंजर्द असतं, आणि डिजॉन मस्टर्ड फक्त फ्रान्सातल्या डिजॉन गावातच बनतं. शेवटी आपल्याच पाठीवर थाप: आपण शहाणे, मोहरी फोडणीपुरती वापरतो, ती वाटून खायचं खूळ साहेबाचं.

वाचायला खुसखुशीत आहे. यातलं एक विधान अर्धं खरं आहे, त्याकडे येईनच.

आधी 'कुणालाच नको होतं' हे घेऊ. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला मोहरी कशी वाटावी, त्यात पाइनच्या बिया नि व्हिनेगर कसं घालावं, हे सविस्तर सांगून गेला आहे. मस्टर्ड हा शब्दच मुळी द्राक्षांच्या ताज्या रसाच्या लॅटिन नावावरून आला, कारण मोहरी त्या रसात कालवत. डिजॉनच्या व्हिनेगर-मोहरीवाल्यांच्या संघाचे नियम १६३४ मध्ये ठरले. इंग्लंडात ट्यूक्सबरी गावची मोहरी इतकी नावाजलेली होती, की शेक्सपिअरचा फॉलस्टाफ एकाच्या जाड बुद्धीला 'ट्यूक्सबरीच्या मोहरीइतकी घट्ट' म्हणतो. त्या काळी नाटक बघायला आलेल्या साध्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नसणार. कोलमनचा जन्म व्हायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं तरी बाकी होती.

मग कोलमनने केलं काय? इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी मेख मोहरीच्या दाण्यात आहे.

अख्खा दाणा नाकाशी धरा, काही होत नाही. झोंबणारा पदार्थ दाण्यात तयार नसतोच. सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम अशी जोडी दाण्यात वेगवेगळी बसलेली असते. दाणा फुटला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारं तिखट तेल जन्माला येतं. दहाएक मिनिटांत झणका भरात येतो आणि काही तासांत उतरतो. व्हिनेगरसारखं आंबट घातलं तर ही क्रिया मंदावते, झणका कमी पण टिकाऊ होतो. उकळतं पाणी किंवा कडकडीत तेल लागलं तर एन्झाइमच मरतं. म्हणून आपल्या फोडणीतली तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही.

आता अठराव्या शतकातल्या इंग्लिश स्वयंपाकघराचा विचार करा. मोहरी हवी तर दर जेवणाला दाणे कुटा, चाळा, कालवा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी मिळमिळीत. डरहॅम गावच्या मिसेस क्लेमेंट्स यांनी १७२० च्या सुमारास मोहरी गव्हासारखी दळून, टरफल चाळून तिचं पीठ विकायला सुरुवात केली, असं सांगतात. कोरड्या पिठात पाणी नाही, म्हणजे ती जोडी झोपलेली. पाणी घालाल तेव्हाच जागी होणार. खरा व्यापारी शोध हा. जेरमाया कोलमनने नॉर्विचजवळच्या स्टोक होली क्रॉसची गिरणी १८१४ मध्ये घेतली, तेव्हा तो या तयार वाटेवरून निघाला. तपकिरी मोहरी नाकासाठी आणि पांढरी जिभेसाठी, अशी दोन्ही पिठं मिसळून त्याने आपला वाण ठरवला. ग्राहकाला चव आधीपासून होतीच. याने कुटण्याचे कष्ट वाचवले.

जाहिराती नव्हत्या असं मी म्हणत नाही. होत्या, आणि झकास होत्या. बैलाचं डोकं १८५५ पासून डब्यावर आहे. सगळ्यात गाजली ती 'मस्टर्ड क्लब'ची मोहीम. बेन्सन या जाहिरात संस्थेने ती चालवली, डोरोथी सेयर्स ही रहस्यकथा लेखिका तिथे मजकूर लिहायची. बॅरन द बीफ, मिस डाय जेस्टर अशी पात्रं रचली होती, आणि बाबांनी क्लबात नाव घातलं का, असं पोस्टरवर विचारलेलं असे. मजेदार प्रकरण होतं, पण साल बघा: १९२६. गिरणी घेऊन ११२ वर्षं झालेली. व्हिक्टोरिया राणीचा राजपुरवठादाराचा मान १८६६ मध्ये मिळालेला. जाहिरातीने चव जन्माला घातली म्हणायचं, तर मुलाचं बारसं त्याच्या साठीनंतर झालं असं म्हणावं लागेल.

'कीन'चं दोन ओळींत आटपतं. कीन यांची मोहरीची कंपनी लंडनात १७४२ मध्ये सुरू झाली. 'कीन ॲज मस्टर्ड' हे शब्द १६७२ मध्येच छापलेले सापडतात. वाक्प्रचार जुना, योगायोगाने आडनाव जुळलं, कंपनीने त्याचा फायदा उठवला. पुढे १९०३ मध्ये कोलमनने कीनलाच विकत घेतलं.

आता ताटातली मोहरी. 'आमची श्रीमंती लोक ताटात टाकतात त्या मोहरीवर' हे वाक्य कोलमनच्या तोंडी घातलं जातं. हेच ते अर्धं खरं विधान. टाकणं खरंच होतं, आणि त्याचं कारण वर आलेलंच आहे: कालवलेली मोहरी टिकत नाही, म्हणून दर जेवणाला ताजी कालवायची आणि उरलेली फेकायची. पुडीवर ग्राहक पुन्हा पुन्हा येतो त्यात या वाया जाण्याचा हातभार असणारच. पण घराणं नुसतं मोहरीवर उभं नव्हतं. तोच कारखाना कपड्यांची खळ आणि नीळही करायचा. त्यातली गंमत आपल्यालाही ठाऊक असायला हवी: कोलमन कंपनी पुढे इंग्लंडातल्या हल शहरच्या रेकिट कंपनीशी जोडली गेली आणि 'रेकिट अँड कोलमन' हे नाव आपल्या घरांत रॉबिन निळीच्या आणि डेटॉलच्या वेष्टनावरून आलं. धोतरं निळीत बुडवणाऱ्या आपल्या कितीतरी आजोबांनी मोहरीवाल्या कोलमनचं नाव वाचलेलं आहे.

पिवळ्या रंगाचं विधान तर पार उलटं आहे. १८५० च्या दशकात डॉ. आर्थर हॅसल यांनी लंडनच्या बाजारातले पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. मोहरीच्या नमुन्यांत त्यांना सापडलं गव्हाचं पीठ, आणि पिठाने फिकटलेला रंग परत आणायला हळद. म्हणजे जर्द पिवळेपणा ही तेव्हा भेसळीची खूण होती. गाजावाजा झाला, कायदे झाले, १८७५ च्या कायद्यानंतर मिश्रण विकायचं तर तसं वेष्टनावर सांगणं भाग पडलं. माझ्या मते घरगुती मसाल्यांच्या जाहिरातीचा खरा कणा इथे आहे. 'चविष्ट' म्हणून विकण्यापेक्षा 'शुद्ध' म्हणून विकणं जास्त महत्त्वाचं झालं, कारण डब्यात काय आहे ते गृहिणीला दिसत नव्हतं. अमेरिकेत हाइन्झने १८६९ मध्ये पहिला माल काढला तो किसलेल्या हॉर्सरॅडिशचा, तोही पारदर्शक काचेच्या बाटलीत. घरी किसताना डोळ्यांतून पाणी काढणारं मूळ, तयार किसलेलं, आणि बघा आत दुसरं काही नाही!

जाहिरातीने चव बदलली असं कुठे म्हणायचंच असेल तर ते अमेरिकेत म्हणा. फ्रेंच कंपनीने (हे आडनाव आहे, देश नव्हे) १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आपलं 'क्रीम सॅलड मस्टर्ड' आणलं. सौम्य, ओतता येणारं, हॉट डॉगवर घालायचं, आणि हळदीने पिवळं केलेलं. इथे हळद लपवलेली नाही, उघड घटक आहे. आज आपल्याकडे सँडविचवर जे पिवळं येतं ते या घराण्यातलं. नाक न झोंबणारी मोहरी विकून दाखवणं हे मात्र कर्तृत्व खरं.

डिजॉनविषयी थोडक्यात. 'डिजॉन मस्टर्ड' हे गावाचं नाव उरलेलं नाही, कृतीचं झालं आहे. फ्रान्सच्या १९३७ च्या सरकारी आदेशाने ते तसं ठरलं. जगात कुठेही करा, नाव तेच. भौगोलिक संरक्षण मिळालं आहे ते 'बरगंडी मस्टर्ड'ला (बरगंडी म्हणजे डिजॉन ज्यात येतं तो प्रांत), २००९ मध्ये. दाणे तर बव्हंशी कॅनडाचे. २०२१ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सातल्या दुकानांची मोहरीची फळी रिकामी झाली.

राहिलं ते शेवटचं, आपण मोहरी वाटून खात नाही हे. हे लिहिणाऱ्याने बहुधा लोणचं फक्त बरणीतून काढलेलं आहे. आमच्याकडे मोहरी फेसणं हा कोशिंबिरीचा नि लोणच्याचा नित्याचा विधी होता. मोहरीची डाळ, थोडं पाणी, आणि वाटताना आईची ताकीद: तोंड बाजूला कर. नाकात झिणझिण्या आल्या की फेसली गेली असं समजायचं. बंगालात कासुंदी आहे, तीही वाटलेलीच. आणि आपल्या फोडणीच्या डब्यातली मोहरी नि कोलमनच्या डब्यातली तपकिरी मोहरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची, ब्रॅसिका जुन्सिया.

खात्री करायची तर दोन चमचे मोहरीची डाळ मिक्सरमध्ये कोरडीच बारीक करा, थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मीठ घाला. लिंबू पिळायचं तर ते दहा मिनिटांनंतरच. झाकण काढताना तोंड बाजूला.