प्रतिक्रियेला उत्तर: कपाळावरच्या आठीवरून लिव्हर?

ताई, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत ते बरं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की डॉक्टरसुद्धा पापणी ओढून, जीभ बाहेर काढायला लावूनच बघतात, आयुर्वेदात तर अष्टविध परीक्षाच (रोगी आठ प्रकारे तपासायची पद्धत) आहे, मग चेहरा बघून डाएट देणाऱ्यांनाच मी थोतांड का म्हणतो, आणि तुमच्या वहिनींना तर त्याने फरकही पडलाय.

पहिलं म्हणजे चेहऱ्यावर काहीच कळत नाही असं मी म्हणतच नाहीये. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली तर अ‍ॅनिमियाची शंका येते, ओठांचे कोपरे फाटले की बी २ किंवा लोह कमी असेल का असा विचार होतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसले (बिटो स्पॉट म्हणतात) तर अ जीवनसत्त्व. पण डॉक्टर तिथे थांबत नाही ना, सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) करायला सांगतो, कारण सौम्य अ‍ॅनिमिया नुसत्या नजरेतून बऱ्याचदा सुटतो आणि ओठ तर लाळेने किंवा बुरशीनेही फाटतात. अष्टविध परीक्षेतही जिव्हा, दृक्, आकृती यांच्यासोबत नाडी, मल, मूत्र, शब्द, स्पर्श आहेतच की, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करून डाएट चार्ट मागवा असं त्यात कुठे आहे?

आता चेहऱ्याचा कुठला भाग म्हणजे कुठला अवयव हे सांगणाऱ्या ज्या चार्टचा तुम्ही उल्लेख केलाय तो मला ओळखीचा वाटला. भुवयांमधल्या उभ्या आठ्या म्हणजे लिव्हर, नाक म्हणजे हार्ट, डोळ्यांखाली किडनी, ओठ म्हणजे आतडी. चेहऱ्यावर अवयव वाचायची कल्पना चीनमधली जुनी, पण तिला ब्राउन राइसच्या डाएटशी जोडून अमेरिकेत पोचवलं ते जपानी जॉर्ज ओसावा आणि नंतर बॉस्टनला राहिलेले मिचिओ कुशी यांनी, मॅक्रोबायोटिक्स या नावाने. ओसावांचा लाडका मुद्दा होता सानपाकू, म्हणजे बुबुळाच्या खाली पांढरं दिसलं की शरीर बिघडलंय. अहो, वय वाढलं की खालची पापणी सैल पडते आणि ते पांढरं तसंही दिसायला लागतं! आणि मजा म्हणजे खूण कुठलीही असो, उपाय फिरून फिरून तोच, धान्य वाढवा, साखर, दूध, मांस बंद. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तोंड बघायची गरज काय?

वहिनींना बरं वाटलं हे मी खोटं म्हणत नाही. बिस्किटं, फरसाण, दिवसाचे चार गोड चहा सुटले की कुणालाही हलकं वाटेल, त्याचं श्रेय आठ्यांना कशाला.

माझी खरी चिडचिड काय बंद करायला लावतात त्यावर आहे. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात मॅक्रोबायोटिक घरांतल्या लहान मुलांचा अभ्यास झाला, त्यात वाढ खुंटणं, मुडदूस, बी १२ ची कमतरता असं सगळं सापडलं आणि ती मुलं काही गरीब घरातली नव्हती, आईबाप मनापासून चांगलंच खायला घालत होते. वहिनी शाकाहारी आहेत आणि दूध-दही पूर्ण बंद केलंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बी १२ चा रोजचा आधारच गेला. हे लगेच जाणवत नाही, लिव्हरमधला साठा बराच काळ पुरतो, नंतर हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. त्यांना बी १२ आणि सीबीसी करून घ्यायला सांगा, साध्या लॅबमध्ये होतं, आणि रिपोर्ट यायच्या आधी नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू करू नका म्हणावं, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहू शकतं.