मंद्र पंचम आणि पाण्याची मोटर

मंगळवारी पहाटे सव्वापाचला माझा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, लागला आणि सोसायटीच्या पाण्याची मोटर बंद करण्यात आली.

या दोन घटनांचा संबंध अप्पांनी लावला. अप्पा दुसऱ्या मजल्यावर राहतात, वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि सोसायटीत काहीही गळलं, कुरकुरलं किंवा गुणगुणलं की आधी त्यांना कळतं, मग आम्हाला. मी चौथ्या मजल्यावर. बायको झोपलेली असते म्हणून माझा रियाज मागच्या छोट्या खोलीत, आणि त्या खोलीची खिडकी उघडते डक्टमध्ये. तंबोऱ्याला भोपळा असतो, मला डक्ट आहे. चार मजली.

गाणं शिकायला लागलो तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. पाच वर्षं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "गाणं राहू द्या हो थोडे दिवस. आधी श्वास घ्यायला शिका." त्यामुळे गेले आठ महिने मी पहाटे साडेचारला उठतो. थोडी आसनं, उज्जायी, अनुलोम-विलोम, भ्रामरी, मग पाच मिनिटं शवासन आणि त्यानंतर खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. पूर्वी माझा सा अकरा सेकंदांत धापा टाकायचा, आता चोवीसपर्यंत जातो. विलंबित एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचेपर्यंत मी तीनदा श्वास चोरायचो, आता एकदाच चोरतो. माझ्या वयात चोरी कमी होणं ही प्रगतीच म्हणायची.

तर बेल वाजली. दारात अप्पा. माकडटोपी, हातात टेस्टर. मागे झोपेतून उठवलेला वॉचमन.

"तुझ्याकडे मोटरचा आवाज येतोय का रे?"

"नाही अप्पा."

"कसा नाही? माझ्या बाथरूममध्ये भिंत थरथरतेय. सहाच्या आधी मोटर लावायची नाही असा ठराव आहे आपला. खालची टाकी रिकामी असली आणि मोटर कोरडी फिरली तर वाइंडिंग जळतं. मी आधी मेन पाडलाय."

"मेन पाडला, तरी आवाज आला?"

"तेच तर! मेन पाडून वर येतोय, तर जिन्यात परत सुरू. म्हणजे रिटर्न करंट आहे कुठेतरी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ महिन्यांच्या योगाने माणूस खरं बोलायला लागतो. म्हणालो, "अप्पा, तो मी होतो."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "तू म्हणजे?"

"रियाज. खर्जाचा."

"करून दाखव."

आता, दारात उभं राहून, चप्पल घातलेल्या वॉचमनसमोर, टेस्टरच्या निगराणीत खर्ज लावणं किती अवघड असतं ते ज्याने लावलाय त्यालाच कळेल. तरी लावला. अप्पांनी डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं, ऐकतायत. डोळे उघडून म्हणाले, "इथे नाही कळत. थांब, मी खाली जातो. इंटरकॉमवर सांगितलं की सुरू कर."

गेले. इंटरकॉम वाजला. मी खिडकीत जाऊन मंद्र पंचम धरला. इंटरकॉमच्या रिसीव्हरमधून अप्पांचा आवाज आला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता, वॉचमनशी बोलत होता: "ऐक. ऐकलास? मध्येच घसरतोय बघ. मोटर असती तर मी सांगितलं असतं, बेअरिंग गेलंय."

नंतर मला म्हणाले, "चालू दे तुझं. पण काही औषध घेतोस का?"

ही झाली गंमत. पुढची मला अजून गंमत वाटत नाही. मेन पाडताना अप्पांनी वॉचमनला बजावलं होतं, मी सांगेपर्यंत चालू करायचा नाही. त्याने केला नाही. शंकेचं निरसन झाल्याच्या आनंदात अप्पा टेकडीवर फिरायला निघून गेले. साडेसातला चोवीस फ्लॅटचे नळ कोरडे. अंगाला साबण लावलेल्या एका सद्गृहस्थाने ग्रुपवर लिहिलं, 'पाणी??' आणि खाली अप्पांचं उत्तर: 'चौथ्या मजल्यावरील गायनामुळे तांत्रिक गैरसमज झाला.' त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यात आमच्या घरातला एक होता.

दरम्यान कुणीतरी मोटर मेकॅनिकलाही बोलावून ठेवलं होतं. तो आला, मोटर बघितली, 'काही झालेलं नाही' म्हणाला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. हे तीनशे कुणाच्या नावावर टाकायचे, यावर रविवारच्या मीटिंगमध्ये चर्चा आहे. विषय क्रमांक चार.

योगाच्या वर्गात सांगतात, राग आला की श्वासाकडे बघा. मी बघितलं. अनुलोम-विलोमची बारा आवर्तनं केली आणि ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मग तो डिलीट केला. पुन्हा टाकला, पुन्हा डिलीट केला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर माझ्या नावापुढे 'हा मेसेज डिलीट केला' असं पाच वेळा दिसत होतं. आंतरिक विकासाचा याहून ढळढळीत पुरावा मला देता येणार नाही.

पुण्यात योग करणाऱ्याला कुणी ना कुणी योगगुरू बी. के. एस. अय्यंगार आणि मेन्युहिन यांची गोष्ट ऐकवतंच. मीही त्या रात्री ती स्वतःला ऐकवली. 1952 साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईत आले होते. थकलेले. अय्यंगारांना त्यांनी पाच मिनिटांची वेळ दिली, अय्यंगारांनी आडवं व्हायला सांगितलं, आणि हे गृहस्थ तासभर झोपले. पुढे त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेलं. 1982 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या शंभरीत मेन्युहिन डोक्यावर उभे राहिले आणि बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात त्यांनी पायांनी कंडक्ट केली. बर्लिनमधल्या एकाही वादकाने मेन पाडला नाही. त्याआधी दिल्लीत नेहरू आणि मेन्युहिन असे दोघंही एकदा शीर्षासनात होते म्हणे, तेवढ्यात बटलरने दार उघडून जेवण तयार असल्याचं सांगितलं. त्या बटलरबद्दल मला अपार आदर आहे. बघितलं, निरोप दिला, विषय संपला. आमच्याकडे त्या जागी अप्पा असते तर दोघांच्या टाचांना टेस्टर लावून बघितला असता.

चिडायचं कारण वेगळंच आहे. तिसऱ्या मजल्यावर चार महिने फरशी फोडतायत, भर दुपारी. कोपऱ्यावर रात्री बारा वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाचे फटाके वाजतात. गणपतीत खिडकीच्या काचा थडथडतात, तेव्हा अप्पा कापूस घालून झोपतात आणि सकाळी वर्गणीची पावती फाडतात. यातल्या कशानेही माकडटोपी घालून जिना चढावासा वाटत नाही. एका माणसाने पहाटे एक स्वर धरला की मात्र बिघाड कुठे आहे ते शोधायला सगळी यंत्रणा उभी राहते.

आणि आठ महिन्यांत काहीच झालं नाही असं नाही हो. मागच्या महिन्यात शवासनातून उठून मी मिरजेचा जुना तंबोरा छेडत बसलो होतो. तारेखालचा जवारीचा दोरा, ज्याने तार झणझणते, नीट बसला होता. आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू आला. चारही तारांपैकी एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. बाई पाच वर्षं सांगत होत्या आणि मी 'हो, हो' म्हणत होतो. त्या दिवशी खरंच आला. श्वास थांबला होता की मी थांबवला होता, आठवत नाही. कुणाला सांगणार? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गिझर बंद केलास का.

हठयोगप्रदीपिकेत अंतर्नादाची पायरीपायरीने यादी दिलीय. आधी समुद्र, मेघ, भेरी. मग शंख, घंटा. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. दोनदा वाचली. मोटर नाही.

बुधवारी अप्पा पुन्हा भेटले, जिन्यात. भांडण उकरायला नव्हे, कुतूहलाने. त्यांनी मोबाइलवर कंपनं मोजायचं अ‍ॅप घेतलं होतं. म्हणाले, "आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटर गुणगुणते ती 100 वर. तू काल इंटरकॉमवर केलंस ना, तेव्हा मी मोजलं. बरोब्बर 100. माझं काय चुकलं, सांग!"

घरी येऊन मी गणित केलं. काळी एक या माझ्या पट्टीत मंद्र पंचम यायला हवा 104 च्या आसपास. म्हणजे 100 वर मी पंचमात नव्हतोच, त्याच्या लगेच खालच्या स्वराच्या, तीव्र मध्यमाच्या, दारात उभा होतो. सुरात असतो तर मोटरशी घोटाळा झालाच नसता. हे बाईंना अजून सांगितलेलं नाही. अप्पांना तर मुळीच सांगणार नाही.

तेव्हापासून रोज पहाटे सव्वापाचला इंटरकॉम वाजतो. "तूच ना रे?" मी श्वास तोडून म्हणतो, "मीच." "मग ठीक." अठरा सेकंदांच्या पुढे गेलेलो नाही.

काल घसा बसला होता म्हणून उठलोच नाही. सव्वापाचला इंटरकॉमही वाजला नाही. पावणेसातला टाकीचं पाणी गच्चीवरून धो धो खाली यायला लागलं, वाळत घातलेली माझी योगाची चटई त्याबरोबर पार्किंगमध्ये. वॉचमन नवीन होता, त्याने पाचलाच मोटर लावली होती. मी धावत खाली गेलो. अप्पा दारातच चहा पीत उभे.

"अप्पा, मोटर चालू आहे दोन तास, ऐकू आली नाही तुम्हाला?"

"आली की," ते म्हणाले. "मला वाटलं तूच आहेस. म्हटलं, आज चांगला लागलाय, कशाला मध्ये बोलायचं."