तुमच्या गोष्टीतल्या बाकीच्यांचं काय?

नाशिकमध्ये हल्ली 'मला माझ्या आयुष्यावर एकपात्री करायचंय' असं म्हणणारी माणसं वरचेवर भेटतात. निवृत्त शिक्षिका भेटतात, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात उभी हयात काढलेले काका भेटतात, सिडकोत पार्लर चालवणारी मुलगी भेटते. कोणी वही घेऊन येतं, कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकवतं. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं वावरल्यामुळे संहिता वाचून द्या, तालमीला बसा, असं लोक मला हक्काने सांगतात आणि मीही आवडीने बसते. ज्यांच्या गोष्टी आजवर कोणी नाटकात घेतल्या नाहीत ती माणसं स्वतः उभी राहून बोलताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणूनच जे खटकतं तेही लिहिते. बहुतेक संहितांमध्ये एकच माणूस जिवंत असतो, तो म्हणजे सांगणारा. बाकीचे सगळे त्याला त्रास द्यायला नाहीतर त्याचं कौतुक करायला येतात आणि जातात. सासू टोमणा मारते, साहेब ओरडतो, नवरा गप्प बसतो, आई डोळे पुसते. रंगमंचावर एकटंच उभं राहायचं म्हटल्यावर गोष्टही एकट्याचीच, असा समज होत असावा. माझं मत याच्या अगदी उलट आहे. स्वतःच्या आयुष्यावरचं एकपात्री उभं राहतं ते दुसऱ्या माणसांवर. त्यातही ज्याच्याशी आपलं पटलं नाही, ज्याने आपल्याला दुखावलं, त्या माणसावर.

आपल्याकडची एकपात्रीची परंपरा बघा. पु. लं.नी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, तेव्हा लोक चाळीतली माणसं बघायला जात होते. लक्ष्मण देशपांडे सर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न व्यक्तिरेखा करायचे. सुषमा देशपांडे १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई'मध्ये 'मी' म्हणून बोलत आल्या, पण तो 'मी' दुसऱ्या बाईचा. अभ्यास करून, तिच्या काळात शिरून मिळवलेला. आपल्या एकपात्रीचं सगळं बळ दुसऱ्याच्या अंगात शिरण्यात होतं. आता 'मी' खरोखरच स्वतःचा झाला आहे. हा बदल चांगलाच आहे. पण दुसऱ्याच्या अंगात शिरायची ती जुनी सवय या बदलात मागे पडता कामा नये.

लोक घेऊन येतात ते बऱ्याचदा स्वगत असतं. आपण नाशिककर, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या गावचे. शाळेच्या स्पर्धेपासून गणपतीच्या मांडवापर्यंत त्यांच्या 'नटसम्राट'मधली स्वगतं ऐकत मोठे झालो. त्यामुळे एकट्याने बोलायचं म्हणजे तसा आवाज चढवायचा, तसं थांबायचं, हे अंगात भिनलं आहे. पण १९७० चं ते नाटक आठवून पाहा. बेलवलकरांचं स्वगत काळजाला भिडतं, कारण त्याआधी मुलीचं घर आपण पाहिलेलं असतं. नलू वाईट बाई नाही, ती तिच्या संसाराच्या बाजूने बोलते, आणि बापावर चोरीचा आळ येतो तेव्हा तिचंही आपल्याला कळत असतं. ते सगळं काढून नुसतं स्वगत म्हटलं तर पाठांतर उरतं. स्वतःच्या आयुष्याचंही तेच. तुमचं दुःख लोकांना भिडायला हवं असेल तर आधी तुमची नलू नीट उभी करा.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही, तालमीत घडताना पाहिलंय. भांडी बाजाराजवळच्या एका घरातल्या ताई त्यांची गोष्ट घेऊन आल्या होत्या. मध्यावर २००८ चा गोदावरीचा पूर. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते, नाशिकला पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी अशी भाषा असते, आणि मारुती बुडायला लागला की सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं आवरायला सुरुवात होते. ताईंच्या सासरचं दुकान खाली, घर वर. त्यांनी लिहिलं होतं ते असं: पाणी चढतंय, कडेवर लहान पोर, नवरा गावाला, आणि सासूबाई काय करताहेत, तर उधारीची वही शोधताहेत. "पोरापेक्षा वही मोठी!" हे ताईंचं वाक्य. त्यावर प्रेक्षक हळहळणार याची त्यांना खात्री होती, आणि तसे ते हळहळलेही असते.

मी त्यांना म्हटलं, "आज तुमचं एकही वाक्य बोलायचं नाही. फक्त सासूबाई करा. जिना चढा."

त्या आधी थोड्या नाराज झाल्या. मग उठल्या. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून एक हात भिंतीला. दुसऱ्या काखेत वही. हॉलमध्ये जिना नव्हता, रिकाम्या जमिनीवरच त्या एकेक पायरी चढत होत्या, दर पायरीला आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी. अर्ध्यात थांबल्या आणि सासूबाईंच्या आवाजात, न ठरवता, बोलल्या: "ह्यात अर्ध्या गल्लीची नावं हायेत. वही भिजली तर पैसं बुडतील ते बुडतील. पण ज्यानं द्यायचंय त्यो लाजंनं परत दुकानात पाय ठेवनार न्हाई. गिऱ्हाईक तुटंल. मग ह्या पोराला काय घालू?"

ताई तिथेच थांबल्या. सासूबाई हे तसंच बोलल्या होत्या का, असं मी विचारलं. शेवटचं वाक्य त्या बोलल्या नव्हत्या, पण गिऱ्हाईक तुटण्याचं बोलल्या होत्या. पुढे कितीतरी वेळा बोलल्या होत्या. ताईंच्या संहितेत ते कुठेच नव्हतं, कारण लिहिताना त्या स्वतःच्या जागेवरून हलल्याच नव्हत्या. जिना चढावा लागला तेव्हा ते आठवलं. 'ह्या पोराला काय घालू' हे वाक्य आम्ही नंतर काढून टाकलं. ते ताईंचं होतं, सासूबाईंचं नव्हतं, आणि सासूबाईंना ताईंच्या सोयीचं बोलायला लावणं बरोबर नाही. वहीचा प्रसंग राहिला. 'पोरापेक्षा वही मोठी' हेही राहिलं, कारण त्या रात्री ताईंना तसंच वाटलं होतं. आता दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि प्रसंगाचं वजन कितीतरी वाढलं आहे.

नवं करणाऱ्यांना माझं सांगणं म्हणून एवढंच असतं, की दुसरी माणसं आधी शरीरात शोधा. आवाज बदलून, डोक्यावर पदर घेऊन, काठी धरून माणूस उभा राहत नाही. नजर किती उंचीवर आहे? लहान मूल बोलतं तेव्हा ते वर बघतं, आणि त्याला उत्तर देणारी आई खाली बघते. नजरेची ही उंची पक्की असली की पोशाख बदलायची गरजच पडत नाही. दुसरा माणूस बोलत असताना तुम्ही ऐकता कसे, तेही दाखवावं लागतं. एकपात्रीत ऐकणं सगळ्यात अवघड. बोलायची इतकी घाई असते की समोरच्याचं वाक्य संपताक्षणी आपलं सुरू होतं, आणि तो समोरचा मरतो. त्याचं बोलणं तुमच्या अंगावर पोहोचू द्या, मग उत्तर द्या.

या बाबतीत आपल्या मातीतलाच मोठा दाखला म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही बाई. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' नाटक म्हणून लिहिलेलं नाही, पण ज्याला स्वतःची गोष्ट रंगमंचावर न्यायची आहे त्याने ते पुस्तक उशाशी ठेवावं. सोवळ्याच्या वेडाने घरादाराला जेरीस आणणारे वडील. न सांगता घरातून निघून जाणारा, हातात पैसा न टिकणारा, संतापी नवरा, कवी ना. वा. टिळक, आणि त्याने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट. रडगाणं गायला याहून जास्त कारणं कोणाकडे असतील? पण त्या पुस्तकात टिळक इतके गोड, इतके वेडे, इतके मोठे दिसतात की आपण त्यांच्यावर चिडतो आणि त्यांच्या प्रेमातही पडतो. बाईंनी स्वतःचं दुःख कुठे लपवलेलं नाही. फक्त टिळकांना त्यांच्या पूर्ण उंचीचं राहू दिलं आहे, आणि त्यामुळे त्या माणसाबरोबर जगणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं.

काही जण म्हणतात, "आपलीच गोष्ट आहे, लिहायची कशाला? उभं राहायचं आणि सांगायचं." अमेरिकेत स्पॉल्डिंग ग्रे नावाचा नट होता, १९४१ ते २००४ हा त्याचा काळ. एक टेबल, पाण्याचा ग्लास आणि समोर वही, एवढ्यावर तो तास दीड तास स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायचा. वहीत फक्त मुद्दे. प्रयोग रेकॉर्ड करून, ते ऐकून, पुन्हा बोलून त्याची संहिता हळूहळू घट्ट व्हायची. पद्धत उत्तम आहे आणि तालमीत आम्हीही ती वापरतो. पण महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासायला जाते, तिथून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही पद्धत असावी की नसावी यावर स्वतंत्र वाद आहे, त्यात आत्ता शिरत नाही. मला लिहून काढण्याचा आग्रह वेगळ्याच कारणासाठी आहे. बोलताना आपण समोरच्याचं वाक्य दर वेळी थोडं आणखी वाईट करतो. टाळी आली की अजून थोडं. दहाव्या प्रयोगापर्यंत साधा चिडका साहेब राक्षस झालेला असतो. कागदावर असलं की निदान दिसतं, कुठून कुठे आलो ते.

आता सगळ्यात नाजूक भाग, ज्यावर आमच्यातच दोन तट आहेत. ही दुसरी माणसं हयात असतात. नाशिक वाढलं म्हणता, पण इथे नाव बदलून काही होत नाही. 'पंचवटीतली आत्या' म्हटलं की तिसऱ्या रांगेतल्याला ती आत्या माहीत असते. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या गोष्टीत प्रेसमधली नोकरी फार सुंदर आली आहे: दिवसभर नोटांच्या ढिगाऱ्यात काम आणि महिनाअखेरीला घरखर्चाची ओढाताण, सुटताना गेटवरची झडती, घरी गेल्यावर हाताला येणारा शाईचा वास. पण गोष्टीचा गाभा आहे धाकट्या भावाशी झालेलं भांडण. भाऊ दिंडोरीकडे वडिलोपार्जित जमिनीवर द्राक्षं करतो. २०१४ च्या गारपिटीत बाग झोपली, भावाने पैसे मागितले, काकांनी आपल्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते म्हणून दिले नाहीत. त्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. काकांच्या संहितेत भाऊ एकाच प्रसंगात येतो, दारात उभा राहून वाट्टेल ते बोलतो आणि निघून जातो.

माझं म्हणणं असं पडलं, की प्रयोग लावायच्या आधी भावाला हे वाचून दाखवा. परवानगी मागायला नको. तुमच्या आयुष्याबद्दल बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, हे मी शंभरदा म्हणेन. विशेषतः ज्या बायकांनी मार खाल्ला, ज्यांना घरातून हाकललं, त्यांनी मारणाऱ्याकडे जाऊन संहिता वाचावी असं कोणी सुचवलं तर मी त्याच्याशी भांडेन. तिथे हा नियम लागूच नाही. पण दोन भावांच्या भांडणात, जिथे दोघांचंही काही ना काही चुकलंय आणि दोघांचंही काही ना काही बरोबर आहे, तिथे दुसऱ्याने काय पाहिलं हे न विचारता चारशे लोकांसमोर त्याला दारात उभं करणं मला पटत नाही. माणुसकी म्हणून पटत नाही आणि नाटक म्हणूनही पटत नाही. गारांनी झोपलेल्या बागेत दुसऱ्या दिवशी सकाळी उभा असलेला तो भाऊ काकांनी पाहिलेलाच नाही. ते तेव्हा पहिल्या पाळीला होते. नाटकातला सगळ्यात मोठा प्रसंग भावाकडे आहे.

आमच्यातली तरुण मंडळी म्हणतात, "मॅडम, असं विचारत बसलं तर अर्धी नाटकं होणारच नाहीत. त्याला त्याची बाजू मांडायचीय तर त्याने त्याचं नाटक करावं." हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. घरच्यांच्या भीतीने कपाटात पडून राहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही खरोखर बाहेर यायला हव्या होत्या. पण द्राक्षबागायतदार त्याचं नाटक कधी करणार? छाटणी, फवारणी, बाजारभाव यातून त्याला मान वर करायला फुरसत नसते. रंगमंच काकांच्या हातात आहे, त्याच्या नाही. म्हणून जबाबदारीही काकांची.

काकांनी अजून फोन केलेला नाही. प्रयोगाची तारीखही घेतलेली नाही. कुसुमाग्रज स्मारकातल्या छोट्या सभागृहात आधी ओळखीच्यांसमोर वाचन करावं असं मी सुचवलंय, आणि त्याआधी भावाकडे जाऊन यावं. ते म्हणतात, विचार करतो.

तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःच्या घरातली गोष्ट रंगमंचावर किंवा नुसत्या वाचनातही मांडली आहे, त्यांनी कृपया लिहा: त्या गोष्टीतली माणसं समोर बसली होती का? आधी ऐकवलं होतं का? ऐकवल्यावर तुम्ही संहितेत काय बदललंत, आणि काय बदलायला ठाम नकार दिलात? मला काकांना दाखवायचंय.