ढोबळी मिरचीत नर-मादी नसतात

माझ्या भाचीने विज्ञानाच्या वहीत समासात लिहून ठेवलंय: 'ढोबळी मिरची – ४ उंचवटे मादी, ३ उंचवटे नर.' आठवीतली मुलगी. कुठून आणलंस हे, असं विचारलं तर म्हणाली, आईच्या फोनवर आलं होतं. तो निरोप मलाही चार-पाचदा आलाय आणि दर वेळी मी तो पुसून टाकला. आता वहीत उतरल्यावर गप्प बसवत नाही.

निरोप असा: मिरची उलटी करून बुडाचे उंचवटे मोजा. चार असले तर मादी. बिया जास्त, चव गोड, कच्ची खायला चांगली. तीन असले तर नर. बिया कमी, शिजवायला चांगला.

आधी त्या 'नराच्या बिया' बघू. लिहिणाऱ्याला इथेच अडखळायला हवं होतं. बी होते बीजांडापासून, बीजांड असतं अंडाशयात, आणि अंडाशय म्हणजे फुलाचा स्त्री-भाग. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या स्त्री-भागाच्या टोकावर पडतो, त्याची नलिका बीजांडापर्यंत पोचते, फलन होतं. मग बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचं फळ. आपण चिरतो ती मिरची म्हणजे वाढलेला अंडाशयच! तिच्यात एक जरी बी असली, तरी तिथे बीजांड होतं. मग नर कुठून आला? बिया कमी-जास्त होतात त्या किती बीजांडांचं फलन झालं यावर. आणि फळ म्हणजे काही स्वतंत्र जीव नव्हे, तो झाडाचा अवयव आहे.

शंका असेल तर मिरचीचं फूल हातात घ्या. मधोमध स्त्रीकेसर, भोवती पुंकेसर. एकाच फुलात दोन्ही, म्हणजे द्विलिंगी. बरेचदा स्वतःच्याच परागांवर फळणारं.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९४ साली वनस्पतींच्या लिंगभेदावरचं पत्र प्रसिद्ध केलं. त्याने एरंडाची नर-फुलं उमलण्याआधीच काढून टाकली, तर धड बी धरली नाही. तीनशेहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून उंचवटे मोजतोय.

उंचवट्यांचं म्हणाल तर अंडाशयात कप्पे किती पडले, त्यावर ते ठरतात. त्यात वाणाचा वाटा असतो, फूल धरतानाच्या हवामानाचाही. एकाच झाडावर तीनचीही मिळते, चारचीही. गोडी येते पिकण्याने: हिरवी ढोबळी मिरची न पिकलेली असते, तीच झाडावर राहून लाल किंवा पिवळी झाली की साखर वाढते.

एक मान्य करायला हवं. नर आणि मादी झाडं वेगळी असलेल्या वनस्पती खरोखरच आहेत. सपुष्प वनस्पतींच्या साधारण ५ ते ६ टक्के जाती तशा आहेत. खजूर, पालक, पपई ही त्यातली. पण तिथेही भेद झाडाचा असतो, फळाचा नाही. आणि मिरची त्यांच्यात येत नाही.

भाचीने ती ओळ खोडली आणि लगेच विचारलं, मग पपईचं नर झाड ओळखायचं कसं? फुलांवरून. लांब लोंबत्या दांड्यांवर बारीक फुलांचे घोस असले तर नर. खोडालगत आखूड देठाची, टपोरी फुलं असली तर मादी. शिवाय द्विलिंगी फुलांचं तिसरं झाडही असतं. हे मात्र तिने समासात नाही, पानावर लिहिलं.