खुणा जुळवल्या म्हणजे रोबो झिरो झाला, हे खरं नाही

जळगाव-धुळ्याच्या मेंटेनन्सवाल्यांत एक मेसेज लई फिरतोय, आता तो आयटीआयच्या पोरांपर्यंत गेलाय आणि पोरं तेच खरं धरून चाललीत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. मेसेज थोडक्यात असा: कारखान्यातल्या रोबो-हाताच्या सांध्यांवरच्या खुणा डोळ्यांनी जुळवा आणि झिरो, म्हणजे जिथून प्रत्येक सांध्याचा कोन मोजतात ती जागा, सेव्ह करा, झालं काम. एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर, ॲब्सोल्यूट असतो, रोबो बंद केला तरी जागा विसरत नाही, त्यामुळं ओरिजिन, म्हणजे तोच झिरो, हलतच नाही. थोडं चुकलं तर पॉइंट टच-अप करा, म्हणजे रोबोला ती जागा परत शिकवा, रिपीटेबिलिटी तर भारीच असते. मोटर बदलली तर जुनेच आकडे टाका. बॅटरी बदलताना सेफ्टीसाठी मेन स्विच बंद करा. आणि मास्टरिंग, म्हणजे झिरो नीट मोजून बसवणं, हा सर्विसवाल्यांचा बिल वाढवायचा धंदा.

आधी खुणांचं बघू. सांध्याच्या मध्यापासून खूण १५० मिमीवर आहे असं धरा आणि रोबोचा हात पूर्ण ताणला तर १८०० मिमी. म्हणजे बारा पट. आता तिरकं उभं राहून, शेडमधल्या अर्धवट उजेडात, वर ग्रीस आणि धूळ बसलेली रेघ जुळवताना अर्धा मिमी इकडं तिकडं होणारच भाऊ, कोणाचाही होईल. तो अर्धा मिमी टोकाला जाऊन ६ मिमी होतो. हे एकाच सांध्याचं, असे सहा सांधे आहेत. वेल्डिंगमध्ये ६ मिमी म्हणजे टॉर्च सीमवर, म्हणजे जोडाच्या रेघेवर, नाहीच.

मग कंपनीने खुणा दिल्यात कशाला? इथं मेसेजवाल्याचा दुसरा मुद्दा येतो, ॲब्सोल्यूट एन्कोडरचा, आणि दोन्ही मुद्दे एकत्र कळले तरच सगळं कळतं. बऱ्याच रोबोंत एन्कोडरला मोटरच्या एका फेऱ्याच्या आतली जागा कायम माहीत असते, त्याला बॅटरी लागत नाही. पण मोटर किती फेरे फिरली हे रोबो बंद असताना बॅटरीच्या जोरावर लक्षात राहतं. बॅटरी संपली की फेऱ्यांचा हिशोब गेला. घड्याळाचा मिनिटकाटा बरोबर दिसतोय पण तासकाटा गळून पडलाय, तसं. आता गिअर १०० ला १ धरा, मोटरचा एक फेरा म्हणजे सांध्याचे ३.६ अंश. बरोबर फेरा ओळखायला अर्ध्या फेऱ्याच्या, म्हणजे १.८ अंशांच्या आत असलं की पुरतं, आणि १५० मिमीवर १.८ अंश म्हणजे जवळपास पावणेपाच मिमी. एवढं तर डोळ्यांनी कोणीही जुळवेल! खुणा यासाठीच आहेत, फेरा ओळखायला. बाकीचा बारीक हिशोब एन्कोडर आणि आधी जपून ठेवलेला आकडा मिळून करतात. एबीबी कंपनीच्या रोबोत रिव्होल्यूशन काउंटर अपडेट म्हणतात ते हेच, फॅनुक कंपनीच्या रोबोत क्विक मास्टर ते हेच.

आणि खरं नुकसान इथंच होतं. फॅनुकच्या मेनूत झिरो पोझिशन मास्टर आणि क्विक मास्टर खालीवर लागूनच आहेत. बॅटरी गेली, फेऱ्यांचा हिशोब गेल्याचा एसआरव्हीओ-०६२ अलार्म आला, मेसेज वाचलेला पोरगा खुणा जुळवतो आणि झिरो पोझिशन मास्टर दाबतो, म्हणजे फॅक्टरीत मोजून ठेवलेला चांगला आकडा पुसून त्याजागी डोळ्यांचा अंदाज बसवतो. क्विक मास्टर केलं असतं तर जुना झिरो जसाच्या तसा परत मिळाला असता, फक्त त्याचा रेफरन्स रोबो ठणठणीत असताना सेट करून ठेवलेला पाहिजे. तो रेफरन्स आपल्याकडं आहे की नाही हे किती प्लांटमध्ये कोणाला माहीत असतं? विचारून बघा. एबीबीवाल्यांचं बरं आहे, कॅलिब्रेशनचे आकडे रोबोच्या अंगावरच स्टिकरवर असतात, तरी त्याच्यावर पेंट मारलेला असतो तो भाग वेगळा.

आता टच-अप. रिपीटेबिलिटी म्हणजे शिकवलेल्या जागी परत परत तिथंच येणं, आणि ॲक्युरसी म्हणजे आकड्यात सांगितलेल्या जागी पोचणं. आयएसओ ९२८३ मध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. झिरो चुकला तरी रिपीटेबिलिटी पहिल्यासारखीच राहते, रोबो चुकीच्या जागी रोज अगदी नेमका येतो, म्हणून टच-अप केलं की सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. पण तुम्ही पॉइंट दुरुस्त केला, दोन पॉइंटमधली सरळ रेघ केली नाही, ती वाकडीच जाते. गोल काढायला सांगा, बिघडतो. पॅलेटचे पॉइंट हिशोबाने काढले असतील, कॅमेऱ्यावरून येत असतील, तर ते काय काय टच-अप करणार? उद्या कोणी नीट मास्टरिंग केलं की टच-अप केलेले सगळे पॉइंट परत चुकणार ते वेगळंच.

एक खरंय, पहिल्या आणि सहाव्या ॲक्सिसची, म्हणजे सांध्याची, चूक बरीचशी पचते, कारण पहिल्याची चूक म्हणजे सगळं जगच थोडं फिरलं, युजर फ्रेम (काम कुठं ठेवलंय ते रोबोला सांगणारी चौकट) परत घेतली की संपलं, आणि सहाव्याची टूल फ्रेममध्ये (टूल हाताला कसं बसलंय त्याच्या आकड्यांत) जिरते. दोन ते पाचची चूक अशी कुठंच जिरत नाही.

आणि हे तर मेसेजमध्ये नावालाही नाही: सॉफ्ट लिमिट (सांधा कुठवर फिरू द्यायचा ती कंट्रोलरमधली हद्द) आणि सेफ्टी झोन याच झिरोवरून मोजले जातात. फेरा एक चुकला तर ३.६ अंश, १८०० मिमीवर ११३ मिमी. कंट्रोलर म्हणतोय मी कुंपणाच्या आत आहे आणि हात चार बोटं पुढं आलाय, पलीकडं मोल्डिंगचे पार्ट उचलणारा माणूस उभा. याच्यापुढं बिलाची काय किंमत?

मोटर बदलल्यावर जुने आकडे टाका हे तर साफ चूक. नवीन मोटरचा एन्कोडर वेगळा, गिअरमध्ये बसताना शाफ्टही वेगळ्या कोनात बसतो, जुना आकडा जुन्या जोडीचा होता. तिथं क्विक मास्टरही चालत नाही. ज्या ॲक्सिसला हात लावला तेवढा परत मास्टर करावा लागतो, फिक्स्चर किंवा डायल गेज लावून. कुका कंपनीच्या रोबोला त्यासाठी ईएमडी नावाचं मोजायचं उपकरण असतं, सांध्यावरच्या खाचेचा सगळ्यात खोल बिंदू ते स्वतः शोधतं, डोळ्यांचा संबंधच ठेवलेला नाही, का ते वरचं गणित बघा. नंतर खात्री करायची तर टूलला टोकदार पिन लावा, टेबलवर दुसरी पिन उभी करा, टोकाला टोक लावून टूल चारी बाजूंनी कलवून बघा. टोक जागेवर राहिलं तर ठीक, भटकलं तर टीसीपी (टूलचं टोक कुठं आहे ते सांगणारे आकडे) किंवा झिरो, दोघांपैकी काहीतरी चुकलंय.

राहिली बॅटरी. मेन स्विच बंद करून बॅटरी काढली की फेऱ्यांचा हिशोब त्याच क्षणी जाऊ शकतो. फॅनुकमध्ये कंट्रोलर चालू ठेवून इमर्जन्सी स्टॉप दाबायचा आणि मगच चारही १.५ व्होल्टचे मोठे सेल एकदम बदलायचे, साधारण वर्षाला एकदा. दुसऱ्या मेकचा असेल तर त्याचं मॅन्युअल बघा, काहींत लिथियम पॅक असतो. बॅटरी खर्च होते ती रोबो बंद असताना, म्हणजे दिवाळीची सुट्टी, लाईट नसलेले दिवस, ऑर्डर नाही म्हणून महिनाभर उभी लाईन. वर आपल्याकडं भुसावळ-जळगावचा मे महिना, ४५ च्या पुढं पारा, पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त, गरमीत सेल आपोआपच उतरतात. त्यामुळं खान्देशात वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका, मार्चमध्येच बदलून टाका, कव्हरवर मार्करने तारीख लिहा, आणि त्याच दिवशी पेंडंटवरच्या (रोबो चालवायच्या हातातल्या स्क्रीनवरच्या) सगळ्या ॲक्सिसच्या मास्टरिंगच्या आकड्यांचा फोटो काढून प्रिंट पॅनलच्या दाराला आतून चिकटवा.