‘बसून पगार’ म्हणणाऱ्यांना काउंटी जेलमधून उत्तर

दोन दिवसांत तीन ग्रुपवर मला एकच मेसेज आला. त्यात लिहिलं होतं: ‘अमेरिकेत काउंटी जेलमध्ये ऑफिसर म्हणजे बसून पगार. आत सगळे गुन्हेगारच, त्यांना हॉटेलसारखी सोय. आपल्या कमरेला बंदूक, उलट बोलायची कुणाची हिंमत नाही. आत कुणी मेलाच तर आपल्यावर काही येत नाही. डिग्री लागत नाही. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी जरूर अर्ज करावा.’ शेवटचा ‘पुढे पाठवा’ माझ्या मामेभावाचा होता, म्हणून लिहायला बसले. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. मी सहा वर्षं टेक्सासच्या एका काउंटी जेलमध्ये हेच काम करते आहे, बहुतेक रात्रपाळीला.

डिग्री लागत नाही, हे खरं आहे. शालेय शिक्षण पूर्ण असलं की तात्पुरता जेलरचा परवाना मिळतो आणि वर्षभरात प्रशिक्षण पुरं करावं लागतं. मेसेजमधलं खरं तेवढंच.

‘आत सगळे गुन्हेगारच.’ शिक्षा झालेले मोठे गुन्हेगार राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. काउंटी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतं आणि तिथे येतो तो काल रात्री पकडलेला माणूस. काही जण वर्षभरापर्यंतची छोटी शिक्षा भोगत असतात, पण बहुतेकांचा खटला अजून उभाच राहिलेला नसतो. २०२२च्या मध्यावर देशभरच्या अशा जेलमध्ये साडेसहा लाखांहून जास्त माणसं होती आणि त्यातल्या दर १०० पैकी सुमारे ७० जणांवर काहीही सिद्ध झालेलं नव्हतं. आपल्याकडे ज्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात ते हेच. अनेकांचा प्रश्न फक्त जामिनाच्या पैशाचा असतो. रात्री बुकिंगच्या, म्हणजे अटक होऊन आलेल्यांची नोंद करायच्या, टेबलाशी मी ज्यांची नावं लिहून घेते त्यांत दारू पिऊन गाडी चालवणारे असतात, नवरा-बायकोच्या भांडणातून आलेले असतात, स्वतःच्या डोक्यातल्या आवाजांशी बोलणारे असतात. त्यांना गुन्हेगार ठरवणं कोर्टाचं काम आहे, माझं नाही.

‘कमरेला बंदूक.’ बंदूक दाराबाहेरच्या लॉकरमध्ये राहते. आत नेली तर ती कुणाच्याही हाती लागू शकते, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. टेक्सासच्या नियमानुसार ४८ बंद्यांमागे किमान एक ऑफिसर. म्हणजे मी एकटी आणि समोर ४८ पुरुष. रेडिओवर हाक मारली तर मदत येते, पण ती येईपर्यंत काम करतो तो आपला आवाज. ज्याला काल ‘बघते’ म्हटलं त्याचं काम आज खरंच बघितलं असेल, तर तो दुसऱ्याला गप्प करतो. सहा वर्षांत मला धाकापेक्षा दिलेला शब्द जास्त उपयोगी पडला आहे.

‘हॉटेलसारखी सोय’ म्हणणाऱ्याने पातळ गादी, त्याच खोलीतलं उघडं स्टीलचं संडास आणि रात्रभर पूर्ण न विझणारा दिवा पाहिलेला नाही. जेवण मिळतं, पण रात्रीची भूक भागवायला कमिसरीतून, म्हणजे जेलमधल्या दुकानातून, नूडल्स विकत घ्याव्या लागतात आणि पैसे घरच्यांनी भरायचे. घरी केलेल्या फोनचेही पैसे पडतात.

या नूडल्समुळेच एकदा मला एक गोष्ट कळली. पंचविशीतला एक मुलगा, आत येऊन चौथा दिवस. रात्रीच्या मोजणीला दिसलं की त्याच्या बंकवरची नूडल्सची पाकिटं आणि कॉफी शेजाऱ्यांकडे गेली आहे. जेलमध्ये खाऊ कुणी फुकट देत नाही. देणं फेडलं असेल म्हणून मी पुढे गेले असते, पण त्याने चपलासुद्धा देऊन टाकल्या होत्या. त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार आहे का?’ असं उघड विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार घुसत नाही, हे प्रशिक्षणात शिकवतात आणि ते खरं आहे. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि ‘हो’ म्हणाला. मग नर्स, न फाटणारा जाड अंगरखा, वेगळी खोली, आणि दर १५ मिनिटांनी मी त्याच्या काचेशी. पहाटेपर्यंत बसायला मिळालं नाही.

‘बसून पगार’चं उत्तर यातच आलं. बारा तासांची पाळी असते आणि पुढच्या पाळीचं कुणी आलं नाही तर सक्तीचा ओव्हरटाइम. टेक्सासमध्ये प्रत्येक बंद्याला किमान दर ६० मिनिटांनी समोरासमोर पाहावं लागतं, आत्महत्येचा धोका असेल किंवा मानसिक आजार असेल तर दर ३० मिनिटांनी. पाहणं म्हणजे पांघरूण पाहणं नव्हे. छाती हलते आहे का, हे पाहायचं. दारू सुटल्याने हातपाय थरथरणारा माणूस झोपलेला वाटतो आणि मरूही शकतो.

आणि ‘आत मेलाच तर आपल्यावर काही येत नाही’. या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या स्थानिक जेलमध्ये सुमारे १,२०० माणसं मेली. त्यातल्या साधारण ३० टक्के आत्महत्या होत्या, दुसऱ्या कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हे घटनेचं उल्लंघन आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगितलं आहे, तेही टेक्सासच्याच एका कैद्याच्या खटल्यात. २०१५ साली त्याच न्यायालयाने म्हटलं की न्यायाधीन बंद्यावर केलेली बळजबरी वाजवी होती का, हे ऑफिसरच्या मनातल्या हेतूवरून ठरणार नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये टेक्सासच्या वॉलर काउंटीच्या जेलमध्ये सँड्रा ब्लँड नावाची तरुणी मरण पावली. २८ वर्षांची. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून पोलिसाने गाडी थांबवली, वाद झाला, अटक झाली. जामीन ५,००० डॉलरचा, सुटकेला त्याचा सुमारे दहावा भाग पुरला असता. अटकेनंतर तीन दिवसांनी ती कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडली. तासातासाची समोरासमोर पाहणी तिथे नियमाप्रमाणे होत नव्हती, हे राज्याच्या जेल आयोगाने नोंदवलं. न पाहताच पाहणीची नोंदवही भरल्याचं पुढे एका जेलरच्या जबानीतून बाहेर आलं. २०१६ साली तिच्या घरच्यांशी १९ लाख डॉलरची तडजोड झाली आणि २०१७ साली तिच्या नावाने कायदा आला. त्यानंतर धोक्यातल्या बंद्यांच्या कोठड्यांवर वेळेची आपोआप नोंद करणारी यंत्रं लावणं आलं आणि जेलरना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. आता मी प्रत्येक दाराशी यंत्राला कांडी टेकवते. पण आत नजर टाकली की नाही, हे त्या कांडीला कळत नाही.

दादा, तुझ्या ओळखीच्या मुलाला अर्ज करायचाच असेल तर मी अडवणार नाही. मला हे काम सोडायचं नाही. फक्त मुलाखतीला त्याला हे विचारायला सांग: रात्री जेलमध्ये नर्स असते का, आठवड्याला सक्तीचा ओव्हरटाइम किती तास, आणि गेल्या वर्षी किती जण नोकरी सोडून गेले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर त्याने शेजारच्या काउंटीत विचारावं.