कनेक्टेड म्हणे!

गाडीतल्या जुन्या म्युझिक डेकच्या निळ्या पट्टीवर 'कनेक्टेड' झळकतं, आणि तिथेच फसवणूक सुरू होते. आज नवा फोन ब्लूटूथने जोडला. गाणी वाजली, रिंगही वाजली, पण नावाच्या जागी दहा आकडे! पाळधीच्या पुढे, दोन ट्रकांच्या मध्ये, दहा आकडे वाचून ओळखायचं की हा केळीचा व्यापारी, साडू, का लोन विकणारी बाई? कोणाचे नंबर पाठ राहिलेत हो आता?

आणि कारण काय, तर एक चौकोन. जोडणी करताना फोनवर ०००० किंवा १२३४ टाकायची खिडकी येते ना, तिच्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी बघू द्यायची का. शेजारी एक रिकामा चौकोन. रिकामा! ज्या यंत्राचं कामच फोन लावून देणं, त्याला नावं बघू द्यायची नाहीत, हे आधीच ठरवून ठेवलेलं. डेक तोवर 'प्लीज वेट' म्हणत बसतो, आपण 'ओके' दाबून मोकळे होतो, आणि डेकची वही कोरी ती कोरीच. ज्याने तो चौकोन रिकामा ठेवला, त्याला मे महिन्यात दुपारी दोनला एसी न लावता चोपड्याहून धुळ्याला पाठवा.

आता हे निस्तरायचं कसं? फोनच्या ब्लूटूथ यादीत डेकच्या नावासमोरचं चाक दाबा आणि कॉन्टॅक्ट शेअरिंग चालू करा. एवढ्यानं भागलं तर नशीब. बहुतेक वेळा भागत नाही. मग फोनमधून डेक 'फरगेट' करा, आणि डेकमधूनही फोन डिलीट करा. ही दुसरी पायरी सगळे विसरतात. डेकची यादी पाच-सात फोनांतच भरते, आणि तिच्यात घरातल्या मेलेल्या फोनांची नावं अजून ठाण मांडून असतात. तीही काढा. फोन बंद करून चालू करा. इंजिन आधी सुरू करून घ्या. एसीसीवर, म्हणजे इंजिन बंद ठेवून किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर, जोडत बसलात आणि मध्येच स्टार्टर मारला, की एसीसीची वीज क्षणभर तुटते, डेक पुन्हा पहिल्यापासून. फोनवर ब्लूटूथचं पान उघडंच ठेवा, पडदा काळा होऊ देऊ नका. ते पान मिटलं की नवे फोन नव्या ओळखीला दिसेनासे होतात आणि डेक 'नॉट फाउंड' म्हणत गावभर शोधत फिरतो.

इतकं करून नावं आली, तर मराठीतली सगळी चौकोन-चौकोन. जुन्या डेकात देवनागरीचा फॉन्टच नाही. म्हणजे रोमनमध्ये लिहा. लिहिलं. आता यादीत 'भाऊ', 'भाऊ २', 'भाऊ पारोळा', 'भाऊ ट्रॅक्टर'. बरं, हा दोष डेकचा नाही, खान्देशचा आहे. कित्येक जुन्या डेकांत ५०० किंवा १००० नावांवर वही भरते, आणि सिमवरची, गूगलवरची अशी तीच माणसं दोनदा आली की निम्मी वही जुळ्यांनीच खाल्लेली.

दुकानात जा. 'भाऊ, नऊ इंची अँड्रॉइड टाकून घ्या ना.' अरे, चालू डेक उपटून फेकायचा? आणि तुमचा पोरगा पिवळी वायर तांबडीला जोडणार. पिवळीला कायम १२ व्होल्ट लागतात, तांबडी किल्लीवर. दोन्ही किल्लीवर गेल्या की रोज सकाळी घड्याळ बारावर आणि सेटिंग साफ.

व्हिडिओवाले तर निराळेच. कॉलचा आवाज येत नाही म्हटलं की फोनच्या सेटिंगमधलं लपलेलं डेव्हलपर पान उघडायला बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारायला लावतात आणि एव्हीआरसीपी १.६ वरून १.४ वर आणायला सांगतात. बाबांनो, एव्हीआरसीपी म्हणजे गाणं पुढे-मागे करणं आणि गाण्याचं नाव दाखवणं! कॉल हँड्स-फ्री प्रोफाइल या ब्लूटूथच्या वेगळ्याच भागावर चालतो, त्याचा या टिचक्यांशी काडीचा संबंध नाही. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, कारण जुना डेक ८ किलोहर्ट्झवरच बोलतो. १६ चा रुंद आवाज या प्रोफाइलच्या २०११ च्या आवृत्तीपासून आला. त्याआधीच्या डेकवर व्होल्टीई, म्हणजे फोर-जीवरचा स्वच्छ कॉल, गेलं खड्ड्यात.

फोन हातात घ्यावा, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातातला फोन स्पष्ट शब्दात लिहिलेला. डेकवर बुक्की मारावी, तर तिचं कलम अजून निघालेलं नाही. तिने डेक सुधारत नाही, फक्त व्हॉल्यूमचं बटण आत जातं आणि परत येत नाही. हे फार ठामपणे सांगता येतं, कसं ते विचारू नका.

उरला माइक. ए-पिलरवरचा, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरचा, तो शेंगदाण्याएवढा माइक एसीच्या झोताच्या वाटेत बसवलेला. बाहेर ४५, पंखा चारवर, आणि पलीकडून, 'काय बोली ऱ्हायना भो? वारा सुटना का?' एसीची जाळी खिडकीकडे फिरवा, माइक सन व्हायजरजवळ तोंडापासून वीतभर-दोन वीत अंतरावर आणा, डेकमागची त्याची पिन दाबून बघा. तरी वारा सुटलेलाच असेल, तर बोलून होईस्तोवर पंखा एकवर आणि रुमाल हाताशी.